संमतीची मर्यादा आणि पीडित व्यक्तीचे हक्क : कायदा काय सांगतो?

नवी दिल्ली : खासगी छायाचित्र काढण्यास संमती दिली, म्हणजे ते इतरांना दाखवण्यासही संमती दिली, असा समज समाजात सर्रास आढळतो. भारतीय कायदा मात्र या दोन गोष्टी स्वतंत्र मानतो. हा फरक ठाऊक नसल्याने अनेक व्यक्ती स्वतःलाच दोषी समजून तक्रार करण्याचे टाळतात. गोपनीयता, संमती आणि ‘पीडित कोण’ या तीन प्रश्नांची कायद्यातील उत्तरे परस्परांशी जोडलेली आहेत.

चित्रणाला संमती, प्रसाराला नव्हे

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार, आपल्याकडे कोणी पाहत नाही अशी स्वाभाविक अपेक्षा असलेल्या स्थितीत स्त्रीची खासगी कृती चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते प्रसृत करणे हा गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे, तर पुढील प्रत्येक दोषसिद्धीला तीन ते सात वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. पीडितेने चित्रणाला संमती दिली असली, तरी त्रयस्थांकडे प्रसार करण्यास ती दिलेली नसेल, तर असा प्रसार गुन्हाच ठरतो, असे या कलमाच्या स्पष्टीकरणात नमूद आहे. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या जानेवारी २०१३ मधील अहवालानंतर झालेल्या दुरुस्तीने ही तरतूद प्रथम भारतीय दंड संहितेत कलम ३५४-क म्हणून आली होती.

हे कलम पीडित म्हणून केवळ स्त्रीचा विचार करते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई मात्र ‘कोणत्याही व्यक्ती’ला संरक्षण देते. संमतीविना शरीराच्या खासगी भागाचे चित्रण किंवा प्रसारण केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे पुरुष व तृतीयपंथी व्यक्तींनाही या कलमाखाली दाद मागता येते. अठरा वर्षांखालील बालकांच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे ‘पॉक्सो’ कायदा लागू होतो.

प्रतिकार नाही म्हणजे संमती नव्हे

संमतीची आजची व्याख्या दीर्घ संघर्षातून घडली. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकार दिसत नव्हता, हा त्या निकालातील महत्त्वाचा आधार होता. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या तर्काला आव्हान दिले. देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे तत्त्व २०१३ मध्ये बलात्काराच्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत समाविष्ट झाले.

ओळख उघड करण्यास मनाई

त्या खटल्याच्या वेळी मुलीचे नाव सर्वत्र छापले गेले. आजही तो खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरवणारी तरतूदही १९८३ च्याच दुरुस्तीतील आहे. आता न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. पीडितेने स्वतः लेखी परवानगी दिल्यास अपवाद आहे. निपुण सक्सेना खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अधिक व्यापक केले. केवळ नावच नव्हे, तर ओळख पटेल असा कोणताही तपशील देता येणार नाही. पीडितेचा मृत्यू झाला असला तरी सत्र न्यायाधीशांच्या निर्णयाविना, केवळ नातेवाइकांच्या संमतीने, तिचे नाव जाहीर करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

या संरक्षणाला घटनात्मक अधिष्ठानही आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

पीडित कोण?

फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या डिसेंबर २००९ पर्यंत नव्हतीच. खटला राज्य विरुद्ध आरोपी असा चाले आणि ज्याचे नुकसान झाले तो केवळ साक्षीदार ठरे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार आरोपीच्या कृतीमुळे वा अकृतीमुळे ज्याची हानी झाली किंवा ज्याला इजा पोहोचली, ती व्यक्ती पीडित होय. तिचे पालक व कायदेशीर वारसही त्यात येतात. पूर्वीच्या व्याख्येतील ‘ज्या कृत्याबद्दल आरोप ठेवण्यात आला आहे’ हा उल्लेख नव्या व्याख्येत नाही. पीडित व्यक्तीचे चारित्र्य, पूर्वायुष्य किंवा आरोपीशी असलेले नाते यांची कोणतीही अट या व्याख्येत नाही.

या दर्जातून प्रत्यक्ष अधिकार मिळतात. तपासाच्या प्रगतीची माहिती ९० दिवसांत देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आरोपी निर्दोष सुटल्यास पीडित व्यक्ती अपील करू शकते. जामिनासह प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात मान्य केला. गुन्हेगाराचा शोध लागला नाही, तरी विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईसाठी अर्ज करता येतो.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्दीचा विचार न करता, नोंदवता येते. महिला व बालकांच्या अश्लील चित्रणाच्या प्रसाराबाबत राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टलवर नाव न देताही तक्रार करण्याची सोय आहे. तक्रारीपूर्वी संदेश, दुवे आणि स्क्रीनशॉट जपून ठेवणे उपयुक्त ठरते. घाबरून ते पुसून टाकल्यास महत्त्वाचा पुरावा नष्ट होण्याची शक्यता असते.