शालेय आरोग्यसेवा
शाळेत शिकणाऱ्या मुलांची आरोग्यतपासणी, औषधोपचार व दैनंदिन काळजी यांची व्यवस्था. भारतात तिची सुरुवात सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात 1909 मध्ये शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीने झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथे झाला. त्यात जन्मतःचे व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, बालपणीचे आजार व विकासातील विलंब यांचा शोध घेतला जातो. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येते. तपासणीत दोष आढळल्यास, उदाहरणार्थ कोल्हापुरात राजारामपुरीसारख्या भागातील मुलांसाठी, पुढील उपचारांचे मोठे सरकारी ठिकाण म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, लोकांच्या तोंडी सीपीआर. जंतनाशक अल्बेंडाझोल व लोहाच्या गोळ्याही वर्गातच दिल्या जातात.

खरी कसोटी मात्र रोजच्या गरजांची असते. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलाला तासाच्या मध्येच रक्तशर्करा तपासावी लागते, इन्सुलिन घ्यावे लागते. साखर उतरली तर ग्लुकोज लगेच द्यावे लागते. दम्याचा पंप कपाटात कुलूपबंद ठेवणे धोक्याचे. फिट आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि झटके पाच मिनिटांहून अधिक चालल्यास 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. सीबीएसईने 2017 पासून मधुमेही परीक्षार्थींना खाऊ जवळ ठेवण्यास मुभा दिली. बहुतेक मराठी शाळांत परिचारिका नसल्याने ही जबाबदारी वर्गशिक्षकांवर येते. त्यांना प्रशिक्षण न देता ती सोपवणे अन्यायाचे आहे.