रेल्वे इंजिनाच्या प्रतिकृतीचे दुरंगी रंगकाम

लहान मापातील इंजिनाच्या सांगाड्यावर एक रंग फवारून, त्याचा काही भाग मास्किंग टेपने झाकून, उरलेल्या भागावर दुसरा रंग फवारण्याची पद्धत. रेल्वे-प्रतिकृतींच्या छंदात हे काम अवघड गणले जाते. अवघड असते ती दोन रंगांमधली रेषा. एच-शून्य या सर्वाधिक प्रचलित मापात प्रतिकृती मूळ इंजिनाच्या १:८७ असते. त्यामुळे रंगाचा थर ०.१ मिमी जाड झाला, तर खऱ्या इंजिनाच्या हिशेबात तो जवळजवळ ९ मिमी भरतो. रिव्हेट, दारांच्या फटी, जाळ्या त्यात बुजून जातात. ब्रशने इतका पातळ आणि एकसारखा हात देणे फार थोड्यांना जमते, म्हणून एअरब्रश वापरतात.

हे तंत्र मोटारींच्या रंगशाळेतून आले. १९२० च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची फॅशन होती. झाकण्यासाठी चिकटवलेला कागद काढताना खालचा ताजा रंगही सोलून यायचा आणि रंगारी वैतागायचे. पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरच्या कामासाठी अशा रंगशाळेत जाणाऱ्या रिचर्ड ड्रू या थ्रीएम कंपनीच्या तरुण कर्मचाऱ्याने ही कटकट पाहिली आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. तिचा जन्मच दोन रंगांच्या सीमेसाठी झाला. तो पॉलिश पेपरही प्रतिकृतीच्या कामात आज लागतोच.

पश्चिम जर्मनीचे १०३ वर्गाचे विद्युत इंजिन हे या कामाचे उत्तम उदाहरण. याचे चार नमुने १९६५ मध्ये आले, तर १९७० ते १९७४ या काळात १४५ इंजिने बांधली गेली. वेग ताशी २०० किमी. ट्रान्स-युरोप-एक्स्प्रेस गाड्यांना शोभेल असा त्यांचा वेश होता: वर फिकट बदामी, खाली जांभळट लाल. हे रंग जर्मनीच्या राल रंगसंहितेत अनुक्रमे १००१ आणि ३००४ या क्रमांकांनी नोंदलेले असल्याने छटेबद्दल वाद उरत नाही. खरी परीक्षा दोन्ही टोकांच्या गोलसर, उताराच्या नाकांवर होते. १९.५ मीटरचे हे इंजिन एच-शून्यात सुमारे २२४ मिमी लांब होते आणि रंगांची सीमा त्याला वळसा घालत अर्धा मीटर धावते. डोळ्याला त्यातले अर्ध्या मिलिमीटरचे वाकडेपणही चटकन खुपते.

पूर्वतयारी नेहमीचीच. सांगाडा यंत्रापासून सोडवतात, काचा आणि दिवे काढतात, भांड्यांच्या साबणाने धुतात. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट अंश राहिला तर टेपबरोबर रंग निघून येतो. मग प्रायमरचा पातळ हात. प्रायमर फिका असलेला बरा, कारण गडद राखाडीवर बदामी रंग मळकट दिसतो.

फिकट रंग आधी, गडद रंग नंतर, हा क्रम सहसा मोडू नये. गडद रंग फिकटाला सहज झाकतो. उलट केल्यास फिकटाचे थरांवर थर चढवावे लागतात आणि सीमेवर कंगोरा उभा राहतो. एनॅमल रंग असेल तर पहिल्या रंगाला निदान एक-दोन दिवस द्यावेत. सांगाडा नाकाशी धरून रंगाचा वास येत असेल, तर तो अजून वाळलेला नाही असे समजावे.

रेषेची उंची ठरवायला फूटपट्टी उपयोगाची नाही. सांगाडा सपाट काचेवर ठेवतात, योग्य उंचीच्या ठोकळ्यावर बारीक टोकाची पेन्सिल आडवी बांधतात आणि ठोकळा काचेवर सरकवत चहूबाजूंनी पुसट खूण करतात. नाक कितीही उतरते असले तरी खूण समपातळीत राहते. टेपच्या गुंडाळीची कड धूळ धरून खडबडीत झालेली असते. म्हणून टेप काचेवर चिकटवून, नव्या पात्याने कापून, ती ताजी कड सीमेवर लावतात. सरळ बाजूंना रुंद टेप चालते. नाकावर मात्र तिला सुरकुत्या पडतात, तिथे २-३ मिमी रुंदीची लवचीक टेप लागते. ती ताणू नये. ताणलेली टेप रात्रीतून आकसते आणि रेषेवरून सरकते. खोबणीत, दाराच्या फटीत आणि जाळीच्या कडेला टेप टूथपिकने दाबून बसवतात. रेषा बिघडते ती बहुतेक याच जागी.

यानंतरची युक्ती अनेकांना उलटी वाटते. टेपच्या कडेवर लाल फवारण्याआधी पुन्हा बदामीच रंगाचा, किंवा पारदर्शक वार्निशचा, विरळ हात देतात. टेपखाली जे झिरपायचे ते हेच झिरपते, दिसत नाही आणि फटी बंद होतात. मग दुधाइतका पातळ केलेला लाल रंग साधारण १५ ते २० पीएसआय दाबाने, कडेवर काटकोनात किंवा टेपकडून उघड्या भागाकडे फवारतात. टेपखाली शिरेल अशा दिशेने कधीही नाही. चार विरळ हात एका भरघोस हातापेक्षा बरे. शेवटचा हात हाताला चिकटेनासा झाला की टेप स्वतःवरच उलटी दुमडत, सावकाश ओढतात. रंग कडक होईपर्यंत थांबले तर कड चिरफाळते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लॅकर जातीचे रंग फवारणे टाळावे. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि रंग पांढुरका पडतो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी गाळणी हवीच, पण ती नळीतले पाणी अडवते, खोलीतला दमटपणा नव्हे. थिनरच्या वाफांसाठी योग्य मास्क आणि बाहेर हवा फेकणारा पंखाही लागतो. साधे धुळीचे मास्क इथे कुचकामी.

रेषेवर कंगोरा राहिलाच, तर २००० किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर ओला करून हलकेच फिरवतात. त्यावर चकचकीत वार्निश, मग पाण्यात सोडवून चिकटवायचे क्रमांक व बोधचिन्हे, आणि शेवटी अर्धचमकदार वार्निश असा क्रम असतो. चकचकीत थर वगळला तर चिन्हांच्या पारदर्शक कडा चंदेरी दिसतात. कारखान्यांत सांगाड्यावर बसणारे पक्के साचे वापरून रंग फवारतात आणि बारीक रेषा छापतात. त्या सफाईशी घरच्या टेपने बरोबरी करायची म्हणजे चिकाटी लागतेच. नवशिक्याने थेट १०३ ला हात घालू नये. सरळ बाजूंचा एखादा जुना डबा घ्यावा, त्यावर दोन रंग चढवून पाहावेत आणि मगच गोल नाकाकडे वळावे.