दोरा कोणाच्या हाती?

तांबी बसवण्याविषयी पुष्कळ बोलले जाते. ती काढण्याचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

१९६२च्या सुमारास अमेरिकेतील डॉ. जॅक लिप्पेस यांनी प्लॅस्टिकच्या लूपला नायलॉनचा दोरा जोडला. लूप जागेवर आहे ना, हे बाईला स्वतः बोटाने पाहता येऊ लागले. काढणेही सोपे झाले. हाच लूप १९६५मध्ये भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात आला.

चीनमध्ये उलटे घडले. तिथली पोलादी रिंग बिनदोऱ्याची. १९८०नंतर, एक मूल धोरणाच्या काळात, पहिल्या बाळंतपणानंतर ती बसवली जाई आणि जागेवर आहे ना, हे क्ष-किरणांनी तपासले जाई. परवानगीवाचून काढायला बंदी होती. तरी बायका चोरून, अकुशल हातांनी ती काढवून घेत आणि जिवावर बेतून घेत. २०१६मध्ये दोन मुलांची मुभा मिळाली, तेव्हा सरकारनेच ती मोफत काढून देण्याचे ठरवले.

दोरा असला म्हणजे झाले, असेही नाही. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, स्वतः काढून पाहणाऱ्यांपैकी पाचांत एकीलाच ते जमले. म्हणून बसवणाऱ्या हातांनी, बाईने म्हणताच, काढूनही दिली पाहिजे. निर्णय तिचाच.