आपल्याच माणसांविरुद्ध साक्ष : वानिटा ब्रुक्स यांची गोष्ट

उर्दूत 'शहादत' या एका शब्दाचे दोन अर्थ होतात : साक्ष देणं, आणि धर्मासाठी जीव देणं. वर्गात हा शब्द आला की मुलांना दुसरा अर्थ सांगावा लागत नाही. पहिला मात्र समजावून द्यावा लागतो. अमेरिकेतल्या मॉर्मन समाजाचा इतिहास वाचताना मला हा शब्द वारंवार आठवला. त्यांच्याकडे साक्षीला फार मोठं स्थान आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये सामान्य माणसं उठून उभी राहतात आणि आपल्या श्रद्धेची साक्ष देतात. पण त्याच समाजातल्या एका शिक्षिकेने वेगळ्या प्रकारची साक्ष द्यायचं ठरवलं, तेव्हा तिच्यासाठी दारं बंद झाली.

आधी थोडी ओळख. जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या मुलाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. फरिश्त्याने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण 'बुक ऑफ मॉर्मन'चा अनुवाद केला, असा त्याचा दावा होता. त्याच्या टीकाकारांनी त्याला 'यांकी महोमेट' म्हणून हिणवलं. म्हणजे एका दगडात दोन समाजांचा अपमान! खत्मे-नबुव्वतवर ईमान असलेल्या माझ्यासारखीला स्मिथचा दावा मान्य होणं शक्यच नाही, पण तो आजचा विषयही नाही. छळ सोसलेल्या समाजाच्या हातून जुलूम झाला, तर त्या समाजातल्या श्रद्धावान माणसाने काय करावं, हा माझा प्रश्न आहे.

छळ खरोखरच झाला होता. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिझुरीचा गव्हर्नर बॉग्ज याने हुकूम काढला, की मॉर्मन लोकांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर त्यांचा नायनाट करा. तीनच दिवसांनी हॉन्स मिल इथे १७ मॉर्मन मारले गेले. त्यात दहा वर्षांचा एक मुलगाही होता. १८४४ साली कार्थेजच्या तुरुंगात घुसून जमावाने जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या. मग ब्रिगहॅम यंगच्या मागे हा समाज बैलगाड्या घेऊन पश्चिमेला निघाला आणि १८४७ मध्ये आजच्या युटामधल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. हिजरतच ती. गव्हर्नरचा तो हुकूम रद्द व्हायला १९७६ साल उजाडलं.

आता दुसरी बाजू. १८५७ मध्ये अमेरिकी सरकारने युटावर फौज पाठवली. पुन्हा मिझुरी घडणार या भीतीने सगळा प्रदेश पेटला होता, प्रवचनांतून सूडाची भाषा चालली होती. त्याच सुमारास अर्कान्साहून कॅलिफोर्नियाकडे निघालेला कुटुंबांचा एक तांडा दक्षिण युटातून जात होता. ७ सप्टेंबरला माउंटन मेडोज नावाच्या कुरणात त्यांच्यावर हल्ला झाला. गाड्यांचा कोट करून त्यांनी चार दिवस तग धरला. ११ तारखेला जॉन डी. ली हा मॉर्मन पुढारी पांढरं निशाण घेऊन आत गेला. हत्यारं खाली ठेवा, आम्ही तुम्हाला सुखरूप पोहोचवतो, असा शब्द त्याने दिला. प्रत्येक पुरुषाच्या शेजारी एक सशस्त्र मॉर्मन स्वयंसैनिक चालू लागला. काही अंतर गेल्यावर इशारा झाला. सुमारे १२० माणसं मारली गेली, बायका आणि मुलंसुद्धा. १७ लहान मुलं तेवढी वाचली, बोलून सांगता येणार नाही इतकी लहान म्हणून. काय करावं हे विचारायला ब्रिगहॅम यंगकडे घोडेस्वार पाठवला होता. तांड्याला जाऊ द्या, असं उत्तर घेऊन तो परतला तो १३ तारखेला.

मारणारे लोक दरोडेखोर नव्हते. शेतकरी होते, चर्चचे पदाधिकारी होते, घरी प्रार्थना करणारे बाप होते. पुढे त्यांनी सगळा दोष तिथल्या पायूट आदिवासींवर ढकलला. काही पायूट हल्ल्यात सामील होते, पण बेत मॉर्मन पुढाऱ्यांचा होता. वीस वर्षांनी, २३ मार्च १८७७ रोजी, एकट्या लीला त्याच कुरणात गोळ्या घालून देहदंड दिला गेला. बाकीच्यांना ती शिक्षा झाली नाही.

हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला आपलं घर आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात सप्टेंबर १९४८ आहे. 'पोलिस ॲक्शन'नंतर काय झालं, कुठल्या विहिरी भरल्या, ते दबक्या आवाजात का होईना, सांगितलं जातं. सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला होता, आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे येऊ दिला गेला नाही. ही तक्रार रास्तच आहे. पण त्याआधी रझाकारांनी गावांत काय केलं, हे विचारलं की 'ते बाहेरचे होते' असं म्हणून विषय बदलतो. आमचे पायूट ते हेच. १७ सप्टेंबरच्या भाषणांत याच्या बरोबर उलट चालतं : रझाकार सगळ्यांना पाठ, नंतरचे मुडदे कोणालाच आठवत नाहीत. हॉन्स मिल प्रत्येकाकडे असते. माउंटन मेडोज नेहमी दुसऱ्याच्या गावात.

वानिटा ब्रुक्स यांचा जन्म १८९८चा, नेवाडातल्या बंकरव्हिल या मॉर्मन खेड्यातला. तरुणपणी त्या जवळच्या मेस्किट गावात शाळा शिकवत होत्या. तिथे नेफाय जॉन्सन नावाचे एक वृद्ध, मानाचे गृहस्थ होते. एके दिवशी ते शाळेत आले आणि म्हणाले, की मी जे पाहिलं ते आजवर कोणाला सांगितलं नाही, मरण्याआधी ते तू लिहून घ्यावंस. बाईंना शाळेचं काम होतं, त्यांनी भेट पुढे ढकलली. गेल्या तेव्हा म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता, भ्रमात 'रक्त, रक्त' असं ओरडत होता. ते माउंटन मेडोजवर हजर होते, हे बाईंना तिथे कळलं.

पुढची तीस वर्षं त्यांनी तो शोध सोडला नाही. पहिला नवरा लवकर वारला, पदरात लहान मुलगा. मग त्यांनी शिक्षण पूर्ण केलं, सेंट जॉर्जच्या कॉलेजात शिकवलं, विल ब्रुक्स या विधुराशी दुसरं लग्न केलं. त्यांची, हिची आणि दोघांची मिळून नऊ मुलं. लिहायला वेळ रात्रीचाच. टाइपरायटरजवळ इस्त्रीचे कपडे ठेवलेले असत. शेजारीण आली की बाई इस्त्री करताना दिसत. बाईमाणूस लिहायला बसलेलं दिसलं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती मला कोणी युटाला जाऊन समजावून सांगायची गरज नाही.

सेंट जॉर्जच्या एका न्यायाधीशाने घेतलेले जबाब चर्चच्या मुख्यालयात होते. बाईंनी ते पाहायला मागितले. मिळाले नाहीत. तरीही १९५० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांचं पुस्तक छापलं. ब्रिगहॅम यंगने हत्येचा हुकूम दिला नव्हता, पण झालेलं झाकण्यात त्यांचा हात होता, हे त्यांनी लिहिलं. जो समाज ब्रिगहॅमना जवळजवळ मूसाच्या जागी मानतो, त्या समाजात राहून लिहिलं. आजोबा डडली लेव्हिट यांचंही नाव त्या प्रकरणाशी जोडलेलं होतं. तेही लपवलं नाही.

काही वर्षं आधी फॉन ब्रोडी यांनी जोसेफ स्मिथचं चरित्र लिहिलं होतं. त्यांची श्रद्धा उडाली होती, १९४६ साली चर्चने त्यांना काढून टाकलं. ब्रोडींच्या धाडसाबद्दल मला आदर आहे, पण मला ब्रुक्सबाई जास्त अवघड वाटतात. त्या रविवारी त्याच चर्चमध्ये जात राहिल्या. चर्चने त्यांना काढलं नाही, पण भाषणाला बोलावणं कमी झालं, ओळखीचे लोक दूर झाले. सूरह निसामध्ये (आयत १३५) स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्धही न्यायाची साक्ष देण्याचा आदेश आहे. आम्ही तो तकरीरीत ऐकतो. पाळताना मला दिसली ती ही परक्या धर्मातली बाई.

चर्च बदललं, पण हळूहळू. २००७ साली, दीडशेव्या वर्षी, चर्चच्या वतीने त्याच कुरणात खेद जाहीर केला गेला, पायूटांबद्दल वेगळा. पुढच्याच वर्षी चर्चशी संबंधित तीन इतिहासकारांनी दप्तरं उघडून मोठा ग्रंथ लिहिला. बाई १९८९ मध्येच गेल्या होत्या.

त्यांच्या हयातीत एक गोष्ट मात्र घडली. १९६१ साली चर्चने मृत जॉन डी. लीचं सभासदत्व गुपचूप परत दिलं. त्या वेळी बाईंचं लीवरचं चरित्र छपाईच्या वाटेवर होतं. ही बातमी त्यात घेऊ नका, घेतलीत तर निर्णय मागे घेतला जाईल, असा निरोप वरून लीच्या वंशजांमार्फत आला. बाईंनी बातमी छापली. निर्णय कोणी मागे घेतला नाही.