परलोकाचे सामान: तुरिनच्या इजिप्शियन संग्रहालयाची दोनशे वर्षे

१८२४ साली इजिप्तमधल्या प्राचीन वस्तूंचा एक प्रचंड साठा उत्तर इटलीतल्या तुरिन शहरात येऊन पोहोचला. पाच हजारांवर नग होते. त्यांत ‘खा’ नावाच्या कुणा माणसाची एक स्मृतिशिळाही होती. हा खा कोण, त्याची कबर कुठे, तिच्यात आणखी काय ठेवले होते, याचा कुणालाच पत्ता नव्हता. ती कबर सापडायला ब्याऐंशी वर्षे जावी लागली. सापडली तीही याच संग्रहालयाच्या संचालकाला, आणि तिच्यातले जवळजवळ सगळे सामान शिळेच्या मुक्कामी, तुरिनलाच आले.

मुझेओ एजित्सिओ, म्हणजे तुरिनच्या इजिप्शियन संग्रहालयाने २०२४ मध्ये दोन शतके पूर्ण केली. त्याची वाटचाल राजेलोकांच्या देणग्या आणि भव्य पुतळे यांच्या अंगाने सांगता येते, आणि तशी ती अनेकदा सांगितली गेली आहे. मला मात्र त्या शिळेची आणि कबरीची गोष्ट या संस्थेचा कणा वाटते. माणूस मेल्यावर कुठे जातो, याबद्दल इजिप्तच्या लोकांनी जे मानले ते त्यांनी रंगवून, कोरून, विणून ठेवले. पण ते सुट्या चित्रातून पुरते कळत नाही. चित्र ज्या भाकरीशेजारी, ज्या खाटेशेजारी, ज्या देहाशेजारी ठेवले होते, त्यांच्यासकट ते पाहावे लागते. संग्रहालयाची पहिली ऐंशी वर्षे हे कळण्याआधीची आहेत.

सुरुवात झाली ती बेर्नार्दिनो द्रोव्हेत्तीच्या संग्रहापासून. हा मूळचा पिडमाँटचा, पण इजिप्तमध्ये फ्रान्सचा वकील म्हणून होता. प्राचीन वस्तू गोळा करण्यात त्याची ब्रिटिश वकील हेन्री सॉल्टशी चुरस चाले. दोघांची माणसे लक्सॉरच्या परिसरात खणत, आणि जे हाती लागेल ते नाईलच्या वाटेने अलेक्झांड्रियाला पाठवत. सार्डिनिया-पिडमाँटचा राजा कार्लो फेलिचे याने द्रोव्हेत्तीचा संग्रह चार लाख लिरांना विकत घेतला आणि वास्तुकार ग्वारिनीने सतराव्या शतकात जेझुइटांच्या विद्यालयासाठी आखलेल्या इमारतीत ठेवला. संग्रहालय आजही तिथेच आहे. त्यातली रामसेस दुसऱ्याची बसलेली मूर्ती पाहून कुणीही थक्क होईल. पण कोणती शवपेटी कोणत्या कबरीतली, कोणता पपायरस कुणाच्या देहाजवळ होता, याची नोंद द्रोव्हेत्तीच्या माणसांनी ठेवली नाही. ते नुकसान नंतरच्या कुठल्याही विद्वत्तेला भरून काढता आलेले नाही.

१८२४ च्याच जूनमध्ये फ्रेंच विद्वान शांपोल्यों तुरिनला आला. चित्रलिपीचे कोडे त्याने दोनच वर्षांपूर्वी सोडवले होते आणि इथे त्याला वाचायला शेकडो लेख एकाच छताखाली मिळाले. पपायरसच्या तुकड्यांत त्याला राजांची जुनी यादी दिसली, आणि तेव्हापासून विद्वानांचा ओघ सुरू झाला. त्यांतल्या रिचर्ड लेप्सियसने आपल्या विषयाशी थेट नाते असलेले काम केले. इउफआंख नावाच्या माणसाचा, टॉलेमी राजांच्या काळातला, अठरा मीटरहून लांब पपायरस त्याने नकलून काढला आणि १८४२ मध्ये ‘मृतांचे पुस्तक’ म्हणून छापला. त्यातल्या मंत्रांना त्याने १ ते १६५ असे क्रमांक दिले. आजही जगात कुठेही असा पपायरस उलगडला, तरी त्यातले मंत्र तुरिनच्या या क्रमांकांनीच ओळखले जातात.

त्या पपायरसवर १२५व्या मंत्राचे चित्र आहे. मोठा तराजू. एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात मआत, म्हणजे सत्य आणि सृष्टीची घडी. अनुबिस आणि होरस हे देव वजन पाहतात, पक्ष्याच्या डोक्याचा थॉथ निकाल लिहून घेतो, आणि सिंह, मगर व पाणघोडा यांच्या अवयवांची अम्मित वाट पाहत बसलेली असते. हृदय खोटे ठरले तर ते तिचे भक्ष्य. पलीकडे सिंहासनावर मृतांचा राजा ओसायरिस. चित्रगुप्ताच्या वहीवर वाढलेल्या आपल्या मनाला हा दरबार लगेच ओळखीचा वाटतो. फरक एवढाच की इजिप्तच्या मृताने निकालही बरोबरच नेला आहे. चित्रात तराजू समतोल असतो. जे व्हावे ते आधीच रंगवून ठेवायचे, म्हणजे ते तसे होईल, हा त्या कलेमागचा विश्वास होता. त्यांच्या लेखी चित्र हे काम करणारे साधन होते, हे एकदा लक्षात आले की या संग्रहालयातली प्रत्येक रंगीत रेघ वेगळी दिसू लागते.

१८९४ मध्ये एर्नेस्तो स्कियापरेली संचालक झाला. माझ्या मते संस्थेचा खरा जन्म इथे झाला. विकत घेतलेल्या वस्तू मुक्या असतात, आपण स्वतः खणले पाहिजे, असे त्याला वाटे. १९०३ पासून त्याच्या मोहिमा इजिप्तमध्ये काम करू लागल्या. १९०४ मध्ये रामसेस दुसऱ्याची राणी नेफर्तारी हिची कबर सापडली. भिंती अप्रतिम, पण आतले सामान चोरांनी प्राचीन काळीच लुटलेले. तुरिनला आले ते ग्रॅनाइटच्या शवपेटीचे फुटके झाकण, गवती विणीची सपाट पायताणे आणि ममीकृत पायांचे, गुडघ्याजवळचे तुकडे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते बहुधा राणीचेच असावेत असा निष्कर्ष काढला. भिंतीवर शुभ्र वस्त्रात देवतांचा हात धरून चालणारी नेफर्तारी आणि पेटीतले ते अवशेष ही एकाच इच्छेची दोन टोके आहेत.

मग देर अल-मदिना. राजांच्या कबरी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचे हे गाव थेब्सला, म्हणजे आजच्या लक्सॉरला, नाईलच्या पश्चिम काठावर होते. परलोक हाच या लोकांचा रोजचा धंदा. दिवसा राजासाठी रंगवायचे आणि उरलेल्या वेळात, त्याच हाताने, स्वतःसाठी. त्यांच्यातल्या माइया नावाच्या चित्रकाराची छोटी प्रार्थनाखोली १९०५ च्या सुमारास सापडली. तिची चित्रे भिंतीवरून सोडवून तुरिनमध्ये पुन्हा उभी केली आहेत: माइया आणि त्याची बायको तामित नैवेद्यापुढे बसलेली, अंत्ययात्रा, शोक करणाऱ्या बाया. माइया स्वतः रेखाटणारा होता. त्यामुळे या भिंतींसमोर, आपल्याला हवा तसा परलोक मागणारा आणि तो काढू शकणारा माणूस एकच आहे, ही जाणीव होते. चित्रे उखडून नेण्याच्या पद्धतीचे समर्थन तेव्हा चोरांपासून बचाव म्हणून केले जाई. त्यामुळे डोंगरातली ती खोली रिकामी झाली, हेही तितकेच खरे.

याच गावच्या लोकांचा आणखी एक कागद द्रोव्हेत्तीच्या साठ्यातून संग्रहालयात आला होता. रामसेस तिसऱ्याच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी धान्याचा शिधा थकला म्हणून कारागिरांनी काम बंद पाडले, त्याची ही हकीकत. इतिहासात नोंदलेल्या संपांमधला हा सर्वांत जुना मानतात. राजाच्या भिंतींवर अनंतकाळ पुरेल इतके अन्न रंगवणाऱ्यांच्या घरी त्या महिन्याचे धान्य नव्हते. परलोकाच्या कलेवर लिहिणाऱ्याने हा पपायरस नजरेआड करू नये असे मला मनापासून वाटते.

आणि १९०६ चा फेब्रुवारी. याच गावाच्या डोंगराच्या कुशीत, खाच्या स्वतःच्या प्रार्थनाखोलीपासून काही अंतरावर, मलब्याखाली लपलेली वाट निघाली. शेवटी लाकडी दार, कुलपासकट जागच्या जागी. आत बाराशे-चौदाशे नव्हे, तब्बल तेहतीसशे वर्षे कुणी शिरले नव्हते. ही खा आणि त्याची बायको मेरित यांची कबर. खा राजांच्या बांधकामांवरचा प्रमुख होता. अमेनहोतेप दुसरा, थुतमोस चौथा आणि अमेनहोतेप तिसरा, अशा तीन राजांच्या काळात त्याने काम केले. राजाकडून मिळालेला सोन्याने मढवलेला मोजणीचा गज त्याच्याजवळ होता, आणि रोजच्या कामाची घडीची लाकडी मोजपट्टीही.

चारशेहून जास्त वस्तू निघाल्या. खाटा, त्यांवरच्या चादरी, कपड्यांच्या पेट्या, भाकऱ्या, लसूण, कांदे, खजूर, जिरे. मेरितची सौंदर्यपेटी, काजळाच्या नळ्या, फणी आणि खऱ्या केसांचा टोप, त्याच्या स्वतःच्या उंच पेटीत. खुर्चीवर ठेवलेली खाची लाकडी मूर्ती होती, तिच्या अंगावर पानाफुलांची माळ तशीच वाळलेली. शेतीची इवली अवजारे घेतलेला शाब्ती, म्हणजे परलोकात धन्याच्या वाट्याचे काम करणारा बाहुलाही होता. कपड्यांच्या काही पेट्या बाहेरून रंगवल्या आहेत, त्यांवर नैवेद्याने लगडलेल्या मेजापुढे बसलेले हेच जोडपे. आत खरे कपडे, बाहेर रंगवलेले जेवण, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच खरा. सुमारे चौदा मीटरच्या पपायरसच्या आरंभी खा आणि मेरित ओसायरिससमोर हात वर करून उभे आहेत. इउफआंखच्या कितीतरी शतके आधीचा हा पपायरस आहे आणि मृतांच्या पुस्तकाच्या जुन्या प्रतींमध्ये मोडतो.

मेरित आधी गेली. ते कशावरून कळते, तर तिला मिळालेली शवपेटी खासाठी केलेली होती. तिच्यावर नाव खाचे आहे. पेटी तिच्यासाठी मोठी, म्हणून उरलेली जागा कापडांनी भरली. या एका तपशिलातून त्या माणसाची जी घालमेल समजते, ती तराजूच्या कुठल्याही चित्रातून समजत नाही. आणि पेटी, देह, कापड व नाव एकत्र राहिले म्हणूनच ती समजते. द्रोव्हेत्तीच्या माणसांच्या हाती ही कबर लागली असती, तर पेटी एका लिलावात आणि टोप दुसऱ्या लिलावात गेला असता.

मोजक्या वस्तू कैरोला ठेवून बाकीचा संच तुरिनला न्यायची परवानगी इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख मास्पेरो याने दिली. ती तेव्हाच्या वाटणीच्या नियमाला धरून होती. पण तेव्हा इजिप्त इंग्रजांच्या ताब्यात होता आणि पुरातत्त्व खाते फ्रेंचांच्या. ज्यांचे पूर्वज त्या पेट्यांत होते त्यांना कुणी विचारले नव्हते, हे लिहिल्याशिवाय ही वाटचाल प्रामाणिकपणे पुढे नेता येत नाही.

स्कियापरेलीच्या माणसांनी १९११ मध्ये गेबेलैनला इती आणि नेफेरू यांची रंगीत कबर शोधली. तिथल्या चित्रांत गाढवे धान्याच्या गोण्या घेऊन कोठाराकडे चालली आहेत. राजधानीपासून दूरची, थोडी ओबडधोबड, पण विलक्षण जिवंत अशी ही शैली मला राजकबरींहून जवळची वाटते. १९३० मध्ये त्याचा उत्तराधिकारी जुलिओ फारिना याने तिथेच एका कबरीतून रंगवलेल्या तागाच्या कापडाचे तुकडे काढले. वल्ही मारणारे नावाडी, पाणघोड्याची शिकार, नाचणाऱ्या बायका. पिरॅमिडांच्या जवळजवळ हजार वर्षे आधी, लिपी अजून घडायची असतानाच्या काळात, कुणीतरी मृताबरोबर चित्र दिले होते.

दुसऱ्या महायुद्धात संग्रहातला मोठा भाग आल्येच्या गढीत हलवला गेला. पुढची काही दशके संस्थेने जपणुकीत घालवली, त्यांत सांगण्यासारखी एक गोष्ट झाली: १९६६ मध्ये, सिल्व्हिओ कुर्तो संचालक असताना, खा आणि मेरितच्या ममींचे क्ष-किरण चित्रण झाले. या दोघांची वस्त्रे कधीच सोडवली गेली नव्हती आणि आजही सोडवलेली नाहीत. खाच्या गळ्यातला सोन्याचा मानाचा हार पहिल्यांदा दिसला तो फिल्मवर. नव्या स्कॅनिंगने मेरितचे दागिनेही मणी-मणी मोजता येतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात ममी उलगडण्याचे जाहीर प्रयोग होत, तिकीट लावून. त्या मानाने ही सभ्यतेची वाट आहे.

२००४ मध्ये कारभार सरकार, स्थानिक संस्था आणि बँकांचे न्यास यांच्या संयुक्त प्रतिष्ठानाकडे गेला. इटलीत सरकारी संग्रहालयाबाबत असे पहिल्यांदाच घडत होते. २०१४ पासून क्रिस्तियान ग्रेको संचालक आहेत आणि एप्रिल २०१५ मध्ये नवी मांडणी खुली झाली. तिचे सूत्र मला पटते. वस्तू आकाराने किंवा सौंदर्याने न लावता, ज्या कबरीतून आणि ज्या उत्खननातून आल्या त्या क्रमाने लावल्या आहेत. खाची शिळाही आता त्याच्या सामानाच्या संगतीने समजून घेता येते. २०२३ मध्ये दहा लाखांहून अधिक लोक आले.

अलीकडच्या वर्षांत मानवी अवशेष मांडावेत का, मांडले तर कसे, हा प्रश्न संग्रहालयाने उघडपणे चर्चेला घेतला आणि प्रेक्षकांनाही विचारला. त्यातून वेगवेगळ्या वयांत मरण पावलेल्यांच्या ममी एकत्र ठेवणारे एक दालन तयार झाले. देह दाखवूच नये, असे मानणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण या लोकांनी आपले नाव उच्चारले जावे म्हणून दगडावर विनवण्या कोरल्या आहेत, हे पाहता नावासह, आदराने केलेली मांडणी मला त्यांच्या इच्छेच्या विरुद्ध वाटत नाही. निनावी ममीचे काय करायचे, याचे उत्तर मात्र अजून कुणाकडेच नाही, आणि द्रोव्हेत्तीच्या साठ्यात त्याच जास्त आहेत.

तुरिनच्या तुरुंगातले कैदी गेली काही वर्षे संग्रहालयाच्या मार्गदर्शनाखाली खाच्या कबरीतल्या वस्तूंच्या प्रतिकृती घडवत आहेत. तिथल्या शाळेच्या वर्गांत हे काम चालते. रंगीत पेट्या, भांडी, शवपेटीची रेखाटने असे सगळे ते हाताने करतात, आणि या प्रतिकृती ज्यांना संग्रहालयात येता येत नाही त्यांच्यापर्यंत प्रदर्शनांतून नेल्या जातात.