डोंगरांतील भाषेचीं बेटें

बेट म्हटलें कीं चोहों बाजूंनीं पाण्यानें वेढलेली भूमि आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाहीं. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्या त्याच्या सीमांवरून वाहतात, एवढेंच त्याचें मोठें पाणी. तरीहि या जिल्ह्यांत बेटें आहेत, आणि तीं भाषेचीं आहेत. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगांव, घाटंजी, राळेगांव या भागांत सागवानाच्या जंगलाकडेला आणि डोंगरांच्या उतारांवर कोलामांच्या लहान लहान वस्त्या आहेत. अशा वस्तीला 'पोड' म्हणतात. पोडाच्या मध्यभागीं चावडी, तिच्या भोंवतीं कुडाच्या भिंतींचीं घरें. उतरून खालच्या गांवांत गेलें, कीं बाजार मराठींत, कचेरी मराठींत, शाळा मराठींत. परत वर आलें, कीं चुलीपाशीं निराळीच भाषा कानीं पडते. तिचें नांव कोलामी. या भाषेचा आणि तिच्या आठवणींचा इतिहास थोडक्यांत सांगावा, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

कोलामी ही मराठीची पोटबोली आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. मराठी आर्य कुळांतली, कोलामी द्राविड कुळांतली. पाण्याला कोलामींत 'ईर' म्हणतात. तमिळांतील 'नीर' शब्दाशीं त्याचें नातें उघड आहे. घर म्हणजे 'एल्ला', तेलुगूंत 'इल्लु'. डोळा म्हणजे 'कन', वाघ म्हणजे 'पुल', साप म्हणजे 'पाम'. मद्रासकडील मनुष्याला हे शब्द परके वाटणार नाहींत. यवतमाळच्या बाजारांतील मनुष्याला मात्र ते परके वाटतात. शेजारीं राहणाऱ्या गोंडांची गोंडी हीहि द्राविडच, पण तिची शाखा वेगळी. कोलामीचीं अगदीं जवळचीं भावंडें म्हणजे नायकी, बस्तरची परजी आणि कोरापुटकडील गदबा. एका मायेच्या या लेकी कधीं काळीं पांगल्या, आणि त्यांतली एक वर्धेच्या आणि पैनगंगेच्या खोऱ्यांत येऊन स्थिरावली.

या भाषेची एक गंमत सांगण्यासारखी आहे. दोन पुरुष असले तर कोलामी म्हणते 'इद्दर', दोन स्त्रिया असल्या तर 'ईरल', आणि दोन वस्तू असल्या तर 'इंदिंग'. आपण मराठी माणसें याला हंसणार नाहीं, कारण आपणहि दोघे, दोघी आणि दोन असेंच म्हणतों. कुळें निराळीं, पण माणसांकडे आणि वस्तूंकडे पाहण्याची दृष्टि येथें किती सारखी आहे! मात्र चारापर्यंतचेच आंकडे कोलामीनें आपले स्वतःचे राखले. पांचापासून पुढें तिनें तेलुगूचे घेतले. एवढ्या एका गोष्टींत या लोकांच्या शेजाराचा शेंकडों वर्षांचा इतिहास सांठला आहे. चारापर्यंतचा हिशेब घरांतला; त्यापुढचा बाजारांतला.

कोलामांची लेखी नोंद कोणीं केली? नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं मध्य प्रांतांतील वनवासी जमातींविषयीं टिपणें करून ठेविलीं होतीं. १८६३ सालीं ते नदीच्या पुरांत बुडून मरण पावले, आणि ते कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापले. वर्धा नदीच्या दक्षिणेकडील डोंगरांपासून माणिकगडाच्या पठारापर्यंत कोलाम पसरले आहेत, कोलाम व गोंड यांच्यांत बेटीव्यवहार नसला तरी ते एकमेकांच्या लग्नाला जातात व एकमेकांच्या हातचें खातात, कोलामांच्या देवांत भीमसेनाचा मान मोठा, त्यांच्या बायका काळ्या मण्यांवरच संतुष्ट असतात, अशी माहिती त्यांत आहे. पुढें १८९७ सालीं वुल्सली हेग यांनीं गोंडी व कोलामी यांचा तुलनात्मक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या चौथ्या खंडांत, म्हणजे १९०६ सालीं, कोलामीला स्थान मिळालें. वणी जिल्ह्याचें नांव बदलून यवतमाळ झालें तें याच सुमारास, १९०५ सालीं. रसेल आणि हिरालाल यांचा जातिजमातींवरील प्रसिद्ध ग्रंथ १९१६ सालचा. त्यांत १९११ च्या जनगणनेवरून कोलामांची संख्या सुमारें २५,००० दिली आहे, आणि त्यांतले बहुतेक याच जिल्ह्यांतले.

भाषेच्या दृष्टीनें सर्वांत मोठें काम अमेरिकेंतील पंडित मरे एमेनो यांचें. त्यांनीं १९३७-३८ च्या सुमारास वर्धा जिल्ह्यांत कोलामांच्या तोंडून भाषा ऐकून उतरून घेतली, आणि १९५५ सालीं कोलामीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पैनगंगेपलीकडे, त्या वेळच्या निजाम राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत, आपले मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे अधिकारी असतांना त्यांनींहि कोलामीचें व्याकरण लिहिलें. शिवकालाचा अभ्यासक म्हणून पगडींना आपण ओळखतों. गोंड-कोलामांच्या पाड्यांवर बसून त्यांचीं क्रियापदें लिहून घेणारे पगडी मात्र आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक आहेत.

हीं सर्व नांवें आदरानें घ्यावीं अशींच आहेत. तरी त्यांकडे एकत्र पाहिलें म्हणजे एक गोष्ट मनाला टोंचते. मिशनरी, मुलकी अधिकारी, जनगणनेचे अंमलदार, परदेशी विद्वान. विचारणारे सारे बाहेरचे. कोलामांनीं उत्तरें दिलीं, प्रश्न दुसऱ्यांनीं काढले. कोणत्या शब्दाचें अनेकवचन कसें होतें हें आपल्या ग्रंथालयांत मिळेल. पण ज्या म्हाताऱ्यानें तें सांगितलें, त्याच्या आयुष्यांत कोणते दुष्काळ आले, त्याचें पोड कोठून उठून कोठें गेलें, त्याच्या आईनें कोणती कहाणी सांगितली, हें त्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेलें फारसें मिळणार नाहीं. कोलामांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. कोलामांचें म्हणून लिहिलेलें फारच थोडें आहे.

आणि सांगण्यासारखें तर खूप होतें. पूर्वीं कोलाम डोंगराच्या उतारावर जंगल तोडून, राब जाळून, कुदळीनें पेरणी करीत. जमीन थकली, कीं पोड पुढें सरकत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारनें जंगलें राखीव केलीं आणि हें फिरतें जीवन थांबलें. खालच्या काळ्या जमिनींत कापूस आला, त्याबरोबर सावकार आणि व्यापारी आले. कोलाम मजूर झाला किंवा लहान शेतकरी झाला. मोहाचीं फुलें, चारोळी, डिंक, तेंदूचीं पानें हें जंगलांतलें उत्पन्नहि परवान्याखालीं आलें. त्यांच्या भूमीवरून सीमाहि किती फिरल्या पाहा. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हातीं गेलें, पैनगंगेपलीकडचे कोलाम मात्र निजामाकडेच राहिले. पुढें एका तीराची सरकारी भाषा मराठी झाली, दुसऱ्या तीराची तेलुगू. एकाच भाषेंत एका तीरावर मराठी शब्द शिरले, दुसऱ्या तीरावर तेलुगू.

या सर्व घडामोडींत एक मान मात्र कोलामांचा टिकला. फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानें आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ सालीं ग्रंथ लिहिला. कित्येक स्थानिक देवांची पूजा गोंड लोक कोलाम पुजाऱ्याकडून करवितात, असें त्यानें नमूद केलें आहे. ज्यांच्यांत राजे झाले, त्या गोंडांनाहि या डोंगरांतले देव कोलामांचेच वाटतात. डोंगराशीं पहिली ओळख कोणाची, याची ही जुनी साक्ष आहे. ती कागदावर नव्हती, आठवणींत होती.

आतां आजची स्थिति. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत कोलामांची लोकसंख्या सुमारें १ लाख ९४ हजार भरली. कोलामी ही मातृभाषा सांगणारे मात्र साऱ्या भारतांत मिळून सुमारें १ लाख २८ हजारच. शेजारच्या राज्यांतले कोलाम यांत मिळविले तर तफावत आणखी वाढते. म्हणजे माणसें वाढलीं, भाषा मागें राहिली. पोड ओस पडलेलें नाहीं. पोडांतली भाषा ओसरत आहे.

येथें दूरच्या एका बेटाची हकीकत आपल्या उपयोगाची आहे. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाला, केरी परगण्याच्या किनाऱ्यापलीकडे, थोरलें ब्लास्केट नांवाचें बेट आहे. तेथें आयरिश भाषा बोलणारे कोळी राहत. मासे, मेंढ्या, बटाटे आणि वादळ एवढेंच त्यांचें जग. १८४५ नंतरच्या भयंकर दुष्काळानें आणि इंग्रजीच्या दडपणानें आयरिश भाषा पश्चिमेच्या किनाऱ्यावर आणि अशा बेटांवर येऊन उरली होती. १९०७ सालीं नॉर्वेचे पंडित मार्स्ट्रँडर ती शिकण्याकरितां बेटावर आले. त्यांच्या मागून इंग्लंडचे रॉबिन फ्लॉवर आले. त्यांचा गुरु होता टोमास ओ क्रोहन नांवाचा एक कोळी. त्याची शाळा इंग्रजींत झालेली. स्वतःची भाषा वाचावयास तो प्रौढपणीं शिकला होता.

येथपर्यंत गोष्ट आपल्या पोडासारखीच आहे. विद्वान आला, त्यानें विचारलें, कोळ्यानें सांगितलें. पण पुढें तेथें एक निराळी गोष्ट घडली. एका पाहुण्यानें टोमासला आग्रह केला कीं, तूंच लिही. त्यानें लिहिलें, आणि १९२९ सालीं त्याचें आत्मचरित्र आयरिश भाषेंत छापून निघालें. १९३३ सालीं त्याच बेटावरच्या मरिस ओ सुलिवन या तरुणाचें पुस्तक आलें. आयरिश लिहितां-वाचतां न येणाऱ्या पेग सेयर्स या वृद्धेनें मुलाला आपला जीवनवृत्तांत सांगितला. तो १९३६ सालीं प्रसिद्ध झाला. दीडशें-पावणेदोनशें वस्तीच्या त्या खडकानें एका राष्ट्राच्या वाङ्मयांत कायमची जागा मिळविली.

बेट मात्र वांचलें नाहीं. तरुण माणसें अमेरिकेला गेलीं, वादळांत डॉक्टर पोंचेना, आणि १९५३ च्या नोव्हेंबरांत सरकारनें तेथील उरलेल्या बावीस माणसांना मुख्य भूमीवर आणण्याचें काम हातीं घेतलें. आज तेथें पडक्या भिंती आहेत. पण त्या भिंतींच्या आंत कोण राहत होतें, तें काय जेवत होतें, कशावर हंसत होतें, हें त्यांच्याच भाषेंत वाचतां येतें. आपल्याकडे याच्या उलट आहे. घरें उभीं आहेत, माणसें आहेत, आणि शब्द मात्र न लिहितां जात आहेत.

आयर्लंडनें आणखी एक गोष्ट केली. १९३५ सालीं लोकसाहित्याचें एक सरकारी मंडळ स्थापन झालें, आणि १९३७ ते १९३९ या काळांत सुमारें ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांना सांगण्यांत आलें कीं, घरच्या आणि गांवच्या वृद्धांना विचारून जुन्या गोष्टी, औषधें, खेळ, म्हणी, जागांचीं नांवें वह्यांत उतरा. सुमारें ५०,००० मुलांनीं हें काम केलें. त्या वह्या आज त्या देशाचा ठेवा आहेत. खर्च कागदाचा आणि शाईचा. शिवाय ज्याला सारे अडाणी म्हणतात त्या आजोबापाशीं विद्या आहे, हें मुलाच्या मनावर ठसलें तें वेगळेंच.

त्या देशाचें सारें साधलें असेंहि नाहीं. राजभाषेचा मान, सरकारी शाळा, स्वतंत्र नभोवाणी एवढें सर्व असूनहि २०२२ च्या तेथील जनगणनेंत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारें ७२ हजारच निघाले. मोजण्याची रीत निराळी असली तरी कोलामीचे बोलणारे त्याहून कमी नाहींत, हें ऐकून आश्चर्य वाटेल. तेव्हां केवळ संख्येवर भाषा जगत नाहीं, आणि केवळ सरकारी मानावरहि जगत नाहीं. आईनें मुलाशीं ती बोलावी, आणि तसें बोलतांना तिला लाज वाटूं नये, याच्यावर ती जगते.

ही लाज कोठून येते, याचा विचार आपण मराठी माणसांनीं करावयास हवा. यवतमाळ नगरींत १९७३ सालीं आणि पुन्हां २०१९ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. २०२४ सालीं मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनीं केला, आणि तो योग्यच होता. पण कोलामीच्या दृष्टीनें पाहिलें तर समुद्र आपण आहों. ज्या इंग्रजीच्या लाटेची आपण तक्रार करतों, तशीच लाट आपली भाषा त्या पोडांवर घेऊन जाते. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या २०१३ सालच्या महाराष्ट्र-खंडांत कोलामीची नोंद झाली, ही समाधानाची गोष्ट. मात्र ती नोंद शेवटची ठरूं नये.

उपाय फार मोठा नाहीं. कोलामीला स्वतःची लिपि नाहीं, पण देवनागरींत ती लिहितां येते. झरी, पांढरकवडा, मारेगांवकडील शाळांतून आठवड्याचा एक तास मुलांनीं घरचे शब्द आणि घरच्या गोष्टी वहींत लिहाव्या. शिक्षकानें त्या सुधारूं नयेत, जपाव्या. जनगणनेचा कारकून दाराशीं येईल, तेव्हां कोलामानें आपली मातृभाषा निःसंकोच सांगावी, आणि कारकुनानें ती जशीच्या तशी लिहावी. इद्दर, ईरल, इंदिंग हे तीन शब्द आज ज्या आजीच्या तोंडीं आहेत, ती अजून चावडीशेजारीं बसलेली आहे. तिला विचारावयाचें आहे, आणि या वेळीं विचारणारा तिचा स्वतःचा नातू असावा.