भविष्याचा भाडेकरार

१९६७ साल संपता संपता कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये एक घर पाडायला घेतले. घर जेमतेम दहा वर्षांचे. भिंती, छत, जमीन, सारे काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकचे. मधोमध काँक्रीटचा चौथरा आणि त्यावरून चार दिशांना तरंगत बाहेर आलेल्या चार खोल्या. पाडणाऱ्यांचा अंदाज होता की एका दिवसात काम उरकेल. क्रेनला लोखंडी गोळा लावून तो भिंतीवर आपटला, तर गोळाच उलटा फिरला. मग करवती आल्या, गॅसकटर आले, शेवटी साखळदंडांनी आवळून तुकडे करावे लागले. दोन आठवडे गेले. चौथरा तर हललाच नाही. तो तसाच ठेवून भोवती झाडे लावली.

या घराचे नाव होते ‘भविष्याचे घर’. १९५७ साली ते उभे राहिले ते मोन्सँटो या रसायन कंपनीच्या पैशावर, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या तज्ज्ञांच्या आराखड्यानुसार. प्लास्टिक खेळण्यांपुरते नाही, त्यात संसारही थाटता येतो, हे कंपनीला दाखवायचे होते. आत मायक्रोवेव्ह भट्टी होती आणि चेहरा दाखवणारा टेलिफोन होता. दहा वर्षांत सुमारे दोन कोटी माणसे ते पाहून गेली. घर मोडकळीला आले नव्हते, हे त्या उलट्या फिरलेल्या गोळ्यानेच सिद्ध केले. पण १९६७ मध्येच मोन्सँटोने त्याच बागेत रेणूच्या पोटातून फिरवून आणणारी नवी राईड सुरू केली होती. कंपनीचे लक्ष तिकडे गेले आणि भविष्याचे घर भूतकाळात जमा झाले.

मी अमेरिकेला कधी गेलेलो नाही. या विषयाची ओढ लागली ती एका नकाशामुळे. १९९१ साली माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त तिकडे होता. त्याने फ्लोरिडातल्या एपकॉट सेंटरची घडीची नकाशापत्रिका टपालाने पाठवली होती. त्यात चांदीच्या चेंडूसारखा घुमट, तलाव, दालने आणि जवळजवळ प्रत्येक दालनाच्या नावाखाली बारीक अक्षरांत एका कंपनीचे नाव. तेव्हा मला ती जाहिरात वाटली. पुढे पंधरा-वीस वर्षांनी इंटरनेटवर निरनिराळ्या सालांचे हेच नकाशे मिळू लागले, तेव्हा ते ओळीने लावून पाहायचा छंद जडला. आणि एक गोष्ट ध्यानात आली. आधी बारीक अक्षरे नाहीशी होतात. मग काही वर्षांनी दालन नाहीसे होते.

कंपन्यांचा हा शिरकाव नंतरचा नव्हे, तो पहिल्या दिवसापासूनचा. १९५५ साली डिस्नेलँड उभारायला सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर लागले आणि वॉल्ट डिस्नेकडे तेवढा पैसा नव्हता. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने काही रक्कम घातली, कर्जाला हमी दिली. उरलेला भार भाडेकरूंनी थोडा थोडा उचलला. चंद्रावर नेणारे रॉकेट टीडब्ल्यूए या विमान कंपनीचे, मुलांच्या मोटारींचा रस्ता रिचफील्ड या तेल कंपनीचा, ॲल्युमिनियमचे दालन कैसरचे. क्रेन कंपनीने ‘उद्याचे न्हाणीघर’ मांडले होते. जुन्या अमेरिकन गावाची आठवण म्हणून केलेल्या मुख्य रस्त्यावर तर चोळ्यांच्या एका कंपनीचेही दुकान होते. ते वर्षभरही टिकले नाही.

आपल्याकडे राजाश्रय ही कल्पना जुनी आहे. बडोद्याने, कोल्हापूरने गवई आणि मल्ल पोसले. राजाश्रय गेला की गवई दुसरे संस्थान शोधी किंवा खाजगी बैठकीत गाई, पण गाणे त्याच्या गळ्यात असे. थीम पार्कमधल्या आश्रयाची जात वेगळी. इथे गाण्याचे बोलच आश्रयदात्याने ठरवलेले असतात, म्हणून त्याने पाठ फिरवली की ते गाणे दुसऱ्या दारात म्हणता येत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण एपकॉटच. वॉल्ट डिस्नेच्या मनात होते ते खरेखुरे शहर. माणसे तिथे राहणार आणि अमेरिकन उद्योग आपले नवे तंत्र तिथे वापरून पाहणार. डिसेंबर १९६६ मध्ये डिस्ने वारला आणि शहर कागदावर राहिले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जे उघडले ते कायमस्वरूपी जागतिक प्रदर्शन होते. अर्ध्या भागात देशांची दालने, अर्ध्या भागात विषयांची. ऊर्जा एक्सॉनकडे, दळणवळण जनरल मोटर्सकडे, शेती क्राफ्टकडे, कल्पनाशक्ती कोडॅककडे, संदेशवहन बेल टेलिफोनकडे. ढोबळ रीत अशी की कंपनीने दालनाच्या खर्चाचा मोठा वाटा उचलायचा आणि दहाएक वर्षे ठरलेली रक्कम भरायची. बदल्यात दारावर नाव, बाहेर पडण्याच्या वाटेवर आपल्या मालाचे प्रदर्शन, खाशा पाहुण्यांसाठी सर्वसामान्यांना न दिसणारी बैठकीची खोली आणि आत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत शब्द. या चौथ्या गोष्टीबद्दल फारसे कोणी बोलत नाही, पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची तीच. मुलांच्या सहली तिथे शिक्षण म्हणून जात. ऊर्जेचा इतिहास तेल कंपनीच्या आश्रयाने सांगितला जात होता आणि चाकापासून सुरू होणारा दळणवळणाचा विनोदी इतिहास जनरल मोटर्सच्या नव्या गाड्यांपाशी येऊन संपत होता.

पहिली दहा वर्षे भरली आणि करारांच्या मुदती संपू लागल्या. नेमक्या १९९२ साली जनरल मोटर्सने साडेतेवीस अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. त्यातला मोठा भाग निवृत्त कामगारांच्या औषधोपचाराच्या हिशेबाचा होता, हे खरे; पण अशा वर्षी करमणुकीच्या बागेसाठी दहा वर्षांची बोली कोण करणार? कंपनीने थोड्या थोड्या मुदतीवर वेळ मारून नेली. शेवटी नवा करार झाला तो इतिहास काढून टाकण्याच्या अटीवरच म्हणायचा. जानेवारी १९९६ मध्ये जुनी राईड बंद झाली. तिच्या जागी गाडीची चाचणी कशी घेतात ते अंगावर काटा आणून दाखवणारी राईड १९९९ साली, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा सुरू झाली. चाक शोधणारी माणसे गेली.

माझा जीव अडकला आहे तो जनरल इलेक्ट्रिकच्या ‘होरायझन्स’ या दालनात. १ ऑक्टोबर १९८३ रोजी ते उघडले. त्याचे मूळ १९६४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात आहे. तिथे याच कंपनीसाठी डिस्नेने फिरत्या रंगमंचावर एका कुटुंबाची कथा मांडली होती. गॅसच्या दिव्यापासून विजेच्या स्वयंपाकघरापर्यंतची ही कथा ‘प्रगतीचा फिरता मंच’ म्हणून पुढे डिस्नेलँडला आणि तिथून १९७५ साली फ्लोरिडाला गेली. ‘होरायझन्स’ म्हणजे त्या कुटुंबाचा उत्तरार्ध. वरून लोंबकळणाऱ्या डब्यांत बसून माणसे पुढे सरकत. सुरुवातीलाच एक चतुराई होती. आपल्या आधीच्या लोकांनी भविष्याची कल्पना कशी केली होती, ते दाखवलेले. ज्यूल व्हर्नचे तोफगोळ्यातून चंद्रावर जाणे आणि मागच्या पिढ्यांची यंत्रमानवी स्वप्ने. जुनी भविष्ये कशी हास्यास्पद ठरतात ते पाहून झाल्यावर मग आपले नवे भविष्य. त्यात वाळवंटात यंत्रांनी पिकवलेली शेती होती, समुद्रतळावरची वसाहत होती, अंतराळातले घर होते. शेवटी डब्यातल्या बटणांवर प्रवाशांनीच मत द्यायचे, परत कोणत्या वाटेने जायचे.

करार झाला तेव्हाची जनरल इलेक्ट्रिक घराघरातली कंपनी होती. १९८१ साली जॅक वेल्श प्रमुख झाले. १९८४ मध्ये कंपनीने मिक्सर-इस्त्र्यांसारख्या छोट्या घरगुती यंत्रांचा धंदा ब्लॅक अँड डेकरला विकला. काही वर्षांत दूरचित्रवाणी संचांचा धंदा फ्रान्सच्या थॉमसनकडे गेला. प्रगतीच्या फिरत्या मंचावरून कंपनीने १९८५ मध्ये नाव काढून घेतले आणि ‘होरायझन्स’वरून १९९३ मध्ये. या तारखा शेजारी ठेवल्यावर माझे मत असे झाले आहे की कंपनीला त्या कुटुंबाची गरज उरली नव्हती. ज्या घरात आता आपले यंत्र जाणार नाही, त्या घराचे भविष्य तिने का सांगत राहावे?

कंपनी गेल्यावर दालन वर्षभर कसेबसे चालले आणि डिसेंबर १९९४ मध्ये बंद झाले. वर्षाने पुन्हा उघडले, पण कौतुकाने नव्हे. शेजारची ऊर्जेची आणि दळणवळणाची अशी दोन्ही दालने डागडुजीसाठी बंद होती आणि गर्दीला कुठेतरी बसवायला हवे होते. ९ जानेवारी १९९९ रोजी ते कायमचे मिटले आणि पुढच्या वर्षी इमारत पाडली. जमीन खचली होती, अशी अफवा चाहत्यांत अजून फिरते. मला नकाशातली गळालेली बारीक अक्षरे अधिक बोलकी वाटतात. त्या जागेवर अंतराळयानाची राईड आली. तिचा करार केला कॉम्पॅक या संगणक कंपनीने. पण २००२ साली ती ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली, आणि २००३ साली उद्घाटन झाले तेव्हा पाटीवर नाव दुसरेच होते.

सगळेच असे पाडले गेले नाही. आरोग्याचे ‘वंडर्स ऑफ लाइफ’ हे दालन मेटलाइफ या विमा कंपनीचे होते. २००१ मध्ये कंपनी गेल्यावर ते काही काळ रेंगाळले, मग गर्दीच्या दिवसांपुरते उघडू लागले आणि २००७ च्या पहिल्या दिवसापासून बंदच. पुढे त्याच घुमटाखाली खाद्यमहोत्सवाचे मंडप लागले. ऊर्जेच्या दालनाची कथा आणखी चमत्कारिक. तेल कंपनीच्या या इमारतीच्या छतावर ऐंशी हजार सौरघट होते. २००४ मध्ये एक्सॉनमोबिल बाहेर पडली. आता ऊर्जेची गोष्ट मोकळेपणी सांगता आली असती. तसे काही झाले नाही, कारण नवी फीत काढायला पैसे देणारा कोणी नव्हता. १९९६ साली एलेन डीजेनेरेसला घेऊन केलेला कार्यक्रम ऑगस्ट २०१७ पर्यंत तसाच दाखवला जात होता. शाळकरी मुले एकवीस वर्षे जुनी ऊर्जानीती पाहत होती. मालक असताना गोष्ट त्याची होती; तो गेल्यावर ती कोणाचीच राहिली नाही.

आश्रय सुटला की मरण, असा नियम मात्र मांडता येणार नाही. त्या चांदीच्या घुमटातली संदेशवहनाची राईड पाहा. तिच्या संहितेला कथाकार रे ब्रॅडबरीचा हात लागला होता. १९८४ मध्ये न्यायालयीन तडजोडीनुसार बेल टेलिफोनचे तुकडे झाले, तेव्हा पाटीवर एटी अँड टी आली. ती २००३ मध्ये गेली, २००५ मध्ये सीमेन्स आली, तीही २०१७ मध्ये गेली. राईड चालूच, कारण घुमट म्हणजेच एपकॉटचा चेहरा. प्रगतीचा फिरता मंचही वाचला, त्यावर आता वॉल्ट डिस्नेचे नाव आहे. पण १९९४ च्या सुमारास बसवलेले त्याचे ‘भविष्य’ पुढे कित्येक वर्षे तसेच फिरत राहिले.

अलीकडच्या नकाशांत बारीक अक्षरे फारशी उरलेली नाहीत. समुद्राच्या दालनात निमो मासा आला, नॉर्वेच्या दालनात २०१६ पासून ‘फ्रोझन’मधल्या बहिणी आहेत, ऊर्जेच्या जागी २०२२ मध्ये अंतराळवीरांच्या सिनेमावरची राईड. डिस्नेला बाहेरचा आश्रयदाता लागत नाही. स्वतःचे सिनेमेच पुरतात. हे बरे की वाईट, मला ठरवता येत नाही. कंपन्यांनी सांगितलेले भविष्य एकतर्फी होते, पण निदान ते भविष्याबद्दल होते.

दिवाळी अंकाच्या वाचकाला यात फार नवल वाटू नये. आपल्या अंकांची पाने कोणाच्या जाहिरातींवर उभी असतात ते आपण जाणतो, आणि त्या आटल्यावर कोणते अंक बंद पडले तेही. फरक इतकाच की बंद पडलेला अंक रद्दीत तरी सापडतो. माझ्याकडे असे चारशे आहेत. पाडलेली राईड सापडत नाही. ‘होरायझन्स’बद्दल आज जे कळते त्यातले बरेचसे हौशी माणसांमुळे. काहीजण तर शेवटच्या वर्षांत चालत्या डब्यांतून उतरून, नियम मोडून, आत कॅमेरे घेऊन फिरले. इतिहासकाराने अशा कृत्याचे समर्थन करू नये म्हणतात. मी मात्र त्यांचा ऋणी आहे.

त्या चित्रफितींत एक गोष्ट उतरलेली नाही. वाळवंटातल्या शेतीपाशी डबा आला की संत्र्यांचा वास सोडत. हा लेख लिहिण्याआधी मावसभावाला फोन केला. तो आता पुण्यात असतो, सत्तरीला आला. म्हटले, भाऊ, एक्याण्णव साली तुम्ही ते भविष्याचे दालन पाहिले होते, काय आठवते? कंपनीचे नाव त्याला आठवेना. अंतराळातले घरही नाही. मग म्हणाला, “अरे, अंधारात एकदम संत्र्याचा वास आला होता. मला वाटलं, वरुडला बागेत उभा आहे.”